धडक त्याची, आणि 'मिटलं' म्हणून सही मात्र तुमची?

प्रश्न : मी जालन्यात शिक्षिका आहे. आठ दिवसांपूर्वी सासूबाईंना घेऊन बीडहून परत येत होते. गेवराईच्या अलीकडे उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर बाजूच्या रस्त्यावरून एकदम हायवेवर आला. मी ब्रेक मारला आणि मागच्या पिकअपने आमच्या कारला धडक दिली. पिकअपवाल्याने जागेवरच ५,००० रुपये ऑनलाइन पाठवले. 'चूक माझीच, खर्च देतो' असा व्हॉट्सअॅपही केला. गॅरेजचं इस्टिमेट ६२,००० आल्यावर मात्र भाषा बदलली. म्हणतो, तुम्हीच अचानक ब्रेक मारला. आणखी दहा हजार घ्या आणि 'आपसात मिटलं' असं बाँडवर लिहून द्या. गॅरेजवाला सुचवतो, 'गाडी मागे घेताना खांबाला लागली' असं क्लेममध्ये लिहा, लवकर पास होईल. पोलिसांनी फक्त डायरीला नोंद केली. गाडी चौथ्या वर्षात आहे. पॉलिसी पॅकेज (स्वतःच्या गाडीचं नुकसानही धरणारी) आहे, पण झिरो डेप (भाग जुना म्हणून रक्कम न कापण्याची सोय) नाही. नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ३५ टक्के आहे. काय करू?

उत्तर : ताई, त्या बाँडवर सही करू नका. बाकी सगळं दुरुस्त करता येईल, ती सही नाही. 'मिटलं, आता कोणतीही तक्रार नाही' असं तुम्ही एकदा लिहून दिलंत, की उद्या त्याची विमा कंपनी तोच कागद तुमच्यासमोर धरेल. आलेले ५,००० परत करायची गरज नाही. ते नुकसानीच्या हिशेबात वजा होतील, एवढंच. मेसेज आणि पैसे आल्याचा पुरावा त्याच फोनमध्ये राहू द्या. नुसती प्रिंट कोर्टात चालत नाही, तिच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन हाताशी असला की ते काम सोपं होतं.

त्याची भाषा का बदलली, याचा माझा अंदाज सांगतो. मोटार पॉलिसीत एक अट असते : कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही आणि पैसे द्यायचेही नाहीत. त्याच्या एजंटने त्याला ती वाचून दाखवलेली दिसते. ही अट त्याच्या आणि त्याच्या कंपनीतली आहे. तुमचा हक्क तिच्यामुळे जात नाही.

'अचानक ब्रेक'चा मुद्दा मात्र हसण्यावारी नेऊ नका. मागून ठोकलं म्हणजे शंभर टक्के चूक मागच्याचीच, असं लोक छातीठोकपणे सांगतात. कायदा बराचसा तसा आहे, पूर्ण नाही. पुढची गाडी एकाएकी थांबली तरी धडक बसणार नाही इतकं अंतर मागच्याने ठेवायचं असतं. निशान सिंग प्रकरणात २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने याच नियमावर बोट ठेवलं. पण जुलै २०२५ च्या एका निकालात, इशारा न देता हायवेवर मध्येच गाडी थांबवणाऱ्या कारचालकावर त्याच न्यायालयाने निम्मी जबाबदारी टाकली. सोबतच्या पत्नीला उलटीची भावना झाली, हे त्याचं कारण न्यायालयाला पुरेसं वाटलं नाही. तुमच्यापुढे ट्रॉली आली होती आणि सुरक्षिततेसाठी ब्रेक मारायला नियमांत मुभा आहे. फरक मोठा आहे, पण ट्रॉली आली होती हे दाखवावं लागेल. आसपासच्या धाब्याचं किंवा पेट्रोल पंपाचं सीसीटीव्ही फुटेज मिळतं का, ते आजच बघा, कारण जुनं रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं. मालक देत नसेल, तर फुटेज जपून ठेवायला सांगावं असा अर्ज पोलीस ठाण्यात द्या आणि त्याची पोच घ्या. गळीत हंगामात आपल्याकडे रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या काय करतात ते न्यायाधीशांनाही ठाऊक असतं, तरी निकाल पुराव्यावरच लागतो.

आता पैशाचं. दोन वाटा आहेत. पहिली, त्याच्या थर्ड पार्टी विम्यातून वसुली. हा विमा मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ ने सक्तीचा आहे, आणि दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी पिकअपच्या पॉलिसीत साधारण ७.५ लाखांपर्यंत संरक्षण असतं. थोडा हप्ता वाचवायला मालकाने ते ६,००० वर आणलेलं असेल तर त्यापुढची रक्कम त्याच्या खिशातून. पॉलिसी चालू आहे का ते गाडीच्या नंबरवरून एम-परिवहन अॅपवर दिसेल. पण अर्ज केला आणि त्याच्या कंपनीने चेक पाठवला, असं घडत नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम १६६ खाली दावा लावून त्याचा निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो. तोवर डिकीला दोरी बांधून शाळेत जाणार का?

म्हणून दुसरी वाट आधी धरा : स्वतःच्या पॉलिसीतून क्लेम. तुम्ही पाठवलेल्या इस्टिमेटवरून मांडतो. बंपर १२,००० आणि टेल लॅम्प ८,००० हे प्लास्टिकमध्ये धरले तर ५० टक्के घसारा (भाग जुना म्हणून होणारी कपात), म्हणजे १०,००० गेले. डिकी आणि मागचा पत्रा २२,०००. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर २५ टक्के, म्हणजे ५,५००. काच ५,०००, तिच्यावर घसारा नाही. रंगकाम १०,०००, त्यातला चौथा हिस्सा साहित्याचा धरून त्याच्या निम्मे, १,२५०. मजुरी ५,०००, ती पूर्ण मिळते. शिवाय १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये सक्तीची वजावट. म्हणजे कंपनीकडून सुमारे ४४,२५० येतील आणि १७,७५० तुमच्यावर पडतील.

बोनस जाईल, ही भीती खरी आहे पण लोक ती फुगवून सांगतात. बोनस फक्त 'ओन डॅमेज'च्या, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या, हप्त्यावर मिळतो, थर्ड पार्टीच्या नाही. तुमचा ओन डॅमेजचा मूळ हप्ता ९,००० धरला, तर पुढच्या वर्षी ४५ टक्के सूट मिळायची ती शून्य होईल. मग २०, २५, ३५, ४५ असं पुन्हा चढावं लागेल. पुन्हा ५० टक्क्यांवर पोचेपर्यंतचा सगळा तोटा १०,८०० च्या आसपास. गाडी जुनी होते तसा मूळ हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच. इस्टिमेट पंधरा हजारांचं असतं तर मीच म्हणालो असतो, क्लेम करू नका.

कंपनीला आजच कळवा. आठ दिवस गेलेत, त्याचं खरं कारण लिहा. रास्त कारण असताना केवळ उशिरावर बोट ठेवून दावा फेटाळू नये, असं विमा नियामकाने २०११ मध्येच कंपन्यांना बजावलं आहे. सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत गॅरेजवाल्याला एक स्क्रूसुद्धा काढू देऊ नका. आणि त्याची ती खांबाची गोष्ट विसरा. क्लेम फॉर्मवर खोटं कारण लिहिलं की दावा फेटाळायला कंपनीला आयतं निमित्त मिळतं, आणि पिकअपवाल्याचा वकील तोच फॉर्म न्यायाधिकरणात दाखवून विचारेल, 'बाई, नक्की कोणी ठोकलं?' घडलं तसं लिहा. पिकअपचा नंबर, चालकाचं नाव, डायरी नोंदीचा क्रमांक, सगळं.

विनाकारण दावा नाकारला किंवा रक्कम कापली तर आधी कंपनीच्या तक्रार कक्षाला लेखी कळवा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटण्यासारखं नाही, तर विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या विमा लोकपालाकडे जा. मराठवाड्यासाठी ते कार्यालय पुण्याला आहे, फी लागत नाही. ग्राहक आयोगाचा मार्गही आहे, पण तो तुमच्या कंपनीविरुद्ध. पिकअपच्या कंपनीचे तुम्ही ग्राहक नाही.

उरलेले १७,७५० पिकअपवाल्याकडून मागता येतात. त्यातून ते ५,००० वजा करा. जे कंपनीने भरलं तेच पुन्हा त्याच्याकडून घेता येणार नाही. म्हणून कंपनीच्या 'पूर्ण व अंतिम' व्हाउचरवर सही करताना घसारा आणि वजावट मिळालेली नाही, ती त्रयस्थाकडून मागण्याचा हक्क राखून ठेवत आहे, अशी ओळ लिहा. चालक आणि मालक दोघांना नोटीस द्या. दावा अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांच्या आत लावा, आणि तो बीडलाच लावायला हवा असं नाही, तुम्ही राहता त्या जालन्यातही चालतो. खरं सांगायचं तर बारा-तेरा हजारांसाठी मी नोटिशीवर भर देईन. मेसेजची प्रत जोडलेली नोटीस गेली की बरेच जण नरमतात. नाही नरमला तर दावा लावून राष्ट्रीय लोक अदालतीत ठेवायची विनंती करता येते. पैसे पूर्ण देत असेल तरच पावती द्या, आणि तीत 'फक्त वाहनाच्या नुकसानीपोटी' हे शब्द हवेतच.

पावतीतले हे शब्द सासूबाईंसाठी, त्यांच्या दुखापतीचा दावा मोकळा राहावा म्हणून. मान आखडली आहे, असं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. मागून बसलेल्या धक्क्यात मानेचं दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही वर येतं. त्यांना सरकारी रुग्णालयात न्या, अपघात कसा झाला ते डॉक्टरांना सांगून एमएलसी (पोलिसांसाठीची वैद्यकीय नोंद) करायला सांगा, एक्स-रे आणि औषधांची बिलं ठेवा. दुखापत कागदावर आली की गेवराई पोलिसांना नुसत्या डायरी नोंदीवर थांबता येणार नाही; भारतीय न्याय संहितेची कलमं २८१ (बेदरकारपणे गाडी चालवणं) आणि १२५ (निष्काळजीपणाने जीव धोक्यात घालणं, दुखापत करणं) लागू शकतात. भरपाईचा त्यांचा दावाही वेगळा उभा राहतो, आणि त्यात घसारा नसतो.