वाचकांचे प्रश्न: टेस्ट बटण दाबलं की वाजतो, मग डिटेक्टर बदलायचा कशाला?

प्रश्न: आम्ही सेकंडहँड मोटरहोम (राहायची सोय असलेली गाडी) घेतलीय, आठ वर्षं जुनी. खाली जमिनीलगत जो गॅस डिटेक्टर आहे तो आता रात्री मधेमधे टिक् टिक् करतो. टेस्ट बटण दाबलं की मोठ्याने वाजतो, म्हणजे चांगलाच आहे ना? हे म्हणतात सेल बदल, पण सेलची जागाच सापडत नाही.

उत्तर: ताई, सेल सापडणार नाही कारण त्यात बहुतेक सेल नसतोच, एलपीजीचा डिटेक्टर गाडीच्या 12 व्होल्टच्या लाइनवरच चालतो. आणि टेस्ट बटणावर फार विसंबू नका. त्याने भोंगा वाजतो का आणि आतलं सर्किट चालू आहे का एवढंच कळतं, सेन्सरला गॅस ओळखता येतोय का हे बटण सांगत नाही. सेन्सर वापरा न वापरा, हळूहळू म्हातारा होतोच. एलपीजीच्या डिटेक्टरचं आयुष्य साधारण 5 वर्षं धरतात, काही मॉडेलचं 7, आणि ते संपलं की बरेच डिटेक्टर असाच आवाज करून सांगतात की आता मला बदला. तुमची गाडी आठ वर्षांची आणि डिटेक्टर तिच्यासोबतच आलेला असेल तर मला तरी यात शंका वाटत नाही.

तरी आधी बॅटरी तपासा, कारण व्होल्टेज फार उतरलं तरी असा आवाज येतो. गाडी चार्जिंगला लावूनही टिकटिक थांबली नाही तर स्क्रू काढून डिटेक्टर बाहेर ओढा आणि मागची तारीख वाचा. माझ्या गाडीतला पहिल्यांदा काढला तेव्हा पुढच्या जाळीत कुत्र्याचे केस आणि धूळ यांचा नमदा झाला होता अगदी, गॅस आत शिरणार कुठून, आणि मागचं स्टिकर पिवळं पडलेलं, टॉर्च तिरका धरून तारीख वाचावी लागली, तर मुदत संपून दोन वर्षं झालेली! त्या दोन वर्षांत आम्ही त्याच्या भरवशावर शेजारी गादी टाकून झोपत होतो.

बदलायचं काम अवघड नाही. बॅटरी आणि चार्जर दोन्ही बंद करा, जुन्याच्या मापाचा आणि मोटरहोमसाठीच बनवलेला नवीन आणा, कोणती वायर प्लसची आणि कोणती मायनसची ते वायरच्या रंगावरून न ठरवता मीटर लावून बघा. जोड मात्र पिळून वर टेप गुंडाळू नका. चालत्या गाडीत सतत हादरे बसतात, असे जोड सैल होतात, म्हणून क्रिम्प कनेक्टर, म्हणजे वायरवर पकडीने दाबून घट्ट बसवायचे जोड, वापरा. जास्तीची वायर दिसली तर ती गॅस आपोआप बंद करणाऱ्या व्हॉल्व्हची असू शकते, तेव्हा मॅन्युअल बघितल्याशिवाय कापू नका. चालू केल्यावर सेन्सर तापायला थोडा वेळ जातो, लाइट स्थिर झाला की मग टेस्ट करा. लायटरचा गॅस सोडून बघायचा मोह होतो सगळ्यांना, तो नको, कंपनी सांगेल तीच पद्धत.

प्रश्न: गॅस, धूर आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड वायू यांच्यासाठी तीन वेगवेगळी यंत्रं कशाला? एकच चांगलंसं छताला लावलं तर?

उत्तर: नाही चालणार. एलपीजीतला प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो, गळाला की पाण्यासारखा खाली साचत जातो, छतावरच्या यंत्राला तो कळेपर्यंत खाली भरपूर जमलेला असेल. धूर वर जातो म्हणून स्मोक डिटेक्टर छताला. कार्बन मोनॉक्साइड हवेत मिसळून सगळीकडे पसरतो, त्याचा डिटेक्टर झोपायच्या जागेजवळ, कंपनीने सांगितलेल्या उंचीवर लावा. गॅस आणि मोनॉक्साइड दोन्ही ओळखणारा एकत्र डिटेक्टर मिळतो, तो खालीच लावायचा असतो.

मोनॉक्साइडबद्दल एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. त्याला वास नाही, रंग नाही, आणि अलार्म लगेच वाजेलच असंही नाही. अमेरिकेच्या यूएल 2034 या स्टँडर्डप्रमाणे 400 पीपीएमला (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 400 भाग मोनॉक्साइड) तो 4 ते 15 मिनिटांत वाजायला हवा, पण 70 पीपीएमला 1 ते 4 तास लागू शकतात. म्हणजे डोकं दुखतंय, मळमळतंय, आणि डिटेक्टर गप्प आहे, तरी सगळ्यांना घेऊन बाहेर पडा. यंत्र वाजायची वाट बघू नका.

स्मोक डिटेक्टर 10 वर्षांनी बदला, तारीख मागे असते, आणि ती बनवल्याची असते, तुम्ही विकत घेतल्याची नाही. स्वयंपाक करताना तो वाजतो म्हणून सेल काढून ठेवणारे खूप भेटतात, कृपा करून असं करू नका, त्याऐवजी शांत करायचं बटण असलेला फोटोइलेक्ट्रिक, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने धूर ओळखणाऱ्या प्रकारचा घ्या, फोडणीच्या धुराला तो जरा कमी चिडतो.

प्रश्न: गॅसचा वास नसताना अलार्म वाजला तर खोटा समजायचा का? आणि गाडी उभी असताना डिटेक्टर बॅटरी संपवतो म्हणून मी फ्यूज काढतो, चालेल?

उत्तर: आधी खरा समजूनच वागा. ज्योत विझवा, कुठलाही स्विच चालू किंवा बंद करू नका, दार उघडून सगळे बाहेर, आणि सिलिंडरचा व्हॉल्व्ह बाहेरून बंद. वास नाही या गोष्टीवर जाऊ नका, सारखा वास येत राहिला की नाक सरावतं, झोपेत तर कळतच नाही. मग गॅस कुठून गळतोय ते जोडांवर साबणाचं पाणी लावून, बुडबुडे बघून शोधा.

हेअरस्प्रे, क्लीनर, रंगाची वाफ यांनी खोटा अलार्म होतो हे खरं, आणि सिलिकॉनचे स्प्रे तर सेन्सर कायमचा खराब करू शकतात. पण लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना जास्त तापली तर तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि मोनॉक्साइडचा डिटेक्टर वाजू शकतो, सोबत कुजलेल्या अंड्यासारखा वास असेल तर तो अलार्म खोटा नाहीच, बाहेर पडा, हवा खेळू द्या आणि बॅटरी व चार्जर दाखवून घ्या.

फ्यूजचं म्हणाल तर गाडी नुसती उभी आहे, आत कोणी झोपत नाही, सिलिंडर बंद आहे, तर काढा, डिटेक्टर खरंच काही आठवड्यांत बॅटरी उतरवू शकतो. फक्त काढलेला फ्यूज गाडीच्या किल्लीलाच बांधून ठेवा.