ट्रेकवरून आलास ना, मग सॅक अशीच माळ्यावर टाकू नको

हिमाचलमधला हम्प्ता पास ट्रेक करून आलास, मस्तच वाटलं ऐकून! आता एक काम कर, चादर पसर आणि सॅकमधलं सगळं काढून तीन ढीग कर, रोज वापरलेलं, एकदोनदा वापरलेलं आणि हातच न लावलेलं. तिसऱ्यातलं फर्स्ट एड, पोंचो राहू दे, पण ती जीन्स आणि एक्स्ट्रा टीशर्ट पुढच्या वेळी घरीच. किचनच्या काट्यावर एकेक वस्तूचं वजन कर आणि वहीत लिही, महिन्याभरात सगळं विसरायला होतं.

खांद्यावर वळ आले असतील तर लगेच नवी सॅक बघू नको, आधी सॅकचा हिपबेल्ट, म्हणजे कमरेचा पट्टा, बघ. तो कमरेच्या हाडावर बसला पाहिजे, पोटावर नाही, बरंचसं वजन तिथंच यायला हवं.

आणि आपल्या गोव्यातली दमट हवा सामानाची वाट लावते रे! माझे बूट दोन पावसाळे पिशवीत बांधून ठेवलेले, वरून एकदम नवे दिसत होते, चोर्ल्याच्या घाटात चढताना डाव्याचा सोल टाचेकडून सुटला आणि आतला फोम हातात बिस्किटासारखा चुरा झाला, उरलेली वाट दोरीनं बांधून उतरलो. सोलमधला पीयू (पॉलियुरेथेन) फोम दमटपणानं असा आतून कुजतो, म्हणून सोल वाकवून भेगा बघ. तंबूचा आतला थर चिकट लागतो का तेही बघ. स्लीपिंग बॅग पूर्ण सुकव आणि दाबून भरू नको, मोठ्या सुती पिशवीत सैल ठेव.