साडेचारला अंधार पडतो

थँक्सगिव्हिंगची सुट्टी सुरू झाली की माझ्याकडे तेच प्रश्न तशाच शब्दांत यायला लागतात. अमेरिकेत सिॲटल, पोर्टलंड, डेन्व्हर इथल्या मराठी घरांतून आता पुष्कळ जण मुलांना घेऊन जंगलातून ख्रिसमसचं झाड स्वतः तोडून आणायला जातात. मला ते मनापासून आवडतं. पण ऐकीव माहितीवर विसंबून जाऊ नये. मी ओरेगनमध्ये वीसेक वर्षं जंगलांचंच काम करते आहे. यंदाच्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेते.

एकच छोटं झाड तोडायला परमिट लागतं का?

लागतं. एका झाडालाही लागतं.

एका वेबसाइटवर ‘जंगल ट्री पास’ ४५ डॉलरला दिसतोय, ‘थोडेच शिल्लक’ असंही लिहिलंय. घ्यावा का?

घेऊ नका. राष्ट्रीय जंगलांचं परमिट फॉरेस्ट सर्व्हिस, म्हणजे इथलं सरकारी वनखातं देतं. ते त्यांच्या ऑफिसात मिळतं किंवा रिक्रिएशन डॉट गव्ह या सरकारी वेबसाइटवर. बहुतेक जंगलांत एका झाडाला ५ ते २० डॉलर पडतात, ऑनलाइन घेतलं तर वर अडीच डॉलर शुल्क. घाई करायला लावणारा मजकूर दिसला की ते पान बंद करा. काही जंगलांत परमिटं खरोखर मोजकी असतात आणि संपतातही, पण ते अधिकृत पानावरच कळेल. तुमचं मूल चौथीत असेल तर ‘एव्हरी किड आउटडोअर्स’चा पास काढून ठेवा. या योजनेत सहभागी असलेल्या जंगलांत त्यावर एक परमिट फुकट मिळतं, फक्त ते अडीच डॉलर भरावे लागतात.

परमिट ज्या जंगलाचं, त्याच जंगलात चालतं. नॅशनल पार्कात किंवा वाइल्डरनेस म्हणून राखलेल्या भागात करवत काढायची नाही. रस्त्यापासून किती लांब जायचं, खोड किती जाड चालेल, बुंधा किती उंच ठेवायचा हे सगळं प्रत्येक जंगलात वेगळं असतं. गेल्या वर्षी मित्राने सांगितलेला नियम यंदा तुमच्या जंगलात असेलच असं नाही. परमिटाबरोबर येणारा कागद वाचा.

आमचं लहानपण वसईत गेलं. नाताळला सुरूची फांदी आणून सजवायचो. इथे नेमकं कोणतं झाड शोधायचं? सगळी सारखीच दिसतात.

तुमचं पत्र वाचून छान वाटलं. सुरू लांबून सूचिपर्णी वाटला तरी तो या कुळातला नाही, म्हणून तिथली ओळख इथे उपयोगी पडणार नाही. हाताने ओळखायला शिका. एक सुई, म्हणजे सुईसारखं पान, तोडून बोटांत फिरवा. चौकोनी लागली, सहज फिरली आणि टोचली तर तो स्प्रूस. चपटी, मऊ आणि न फिरणारी असेल तर बहुधा फर. सुया दोन, तीन किंवा पाचच्या जुडीने येत असतील तर तो पाइन.

डग्लस फर नावाने फर असली तरी खरी फर नव्हे. पुस्तकं सांगतात की शंकू बघा, तिच्या शंकूच्या खवल्यांतून उंदराची शेपटी आणि मागचे दोन पाय बाहेर डोकावल्यासारखे दिसतात. पण तुम्ही तोडणार ते सहा-सात फुटांचं पोरगेलं झाड, त्याला शंकू कुठले? म्हणून फांदीच्या टोकाची कळी बघा. डग्लसची कळी तांबूस आणि टोकदार असते, खऱ्या फरची बोथट. जड दागिने टांगायचे असतील तर नोबल फर सगळ्यांत उत्तम. फांद्या ताठ असतात आणि सुया बराच काळ टिकतात. कॅस्केड पर्वतात ती साधारण तीन हजार फुटांच्या वर भेटते. हेमलॉक घेऊ नका. त्याचा शेंडा वाकलेला असतो आणि घरात आणला की सुयांचा सडा पडतो.

एक विनंती मात्र कळकळीची आहे. जुडीत पाच सुया दिसल्या की करवत खाली ठेवा. उंचावरचा व्हाइटबार्क पाइन असाच पाच सुयांचा. बाहेरून आलेल्या बुरशीने तो इतका खचला आहे की २०२२ मध्ये त्याला कायद्याने ‘थ्रेटन्ड’, म्हणजे धोक्यात आलेली जात ठरवलं. पाच सुयांचे दुसरेही पाइन आहेत, पण ती पारख बर्फात उभं राहून करू नका. मोबाइलवर फोटो काढा, रेंजरला दाखवा.

मोठ्या झाडाचा फक्त शेंडा कापला तर झाड मरत नाही, असं आमच्या ग्रुपवर एकाने सांगितलं.

चूक आहे आणि नियमाविरुद्धही. शेंडा गेलेलं झाड वेडंवाकडं वाढतं, जखमेतून कुज शिरते आणि तुम्ही मागे शंभर वर्षं जगू शकणारं एक अपंग झाड सोडून येता. छोटं झाड पूर्ण तोडा. दाटीतलं तोडलंत तर शेजारच्यांना उजेड मिळतो.

शनिवारी मुलांचे क्लास असतात. जेवून दीडच्या सुमाराला निघालो तर चालेल का? गाडी ऑल व्हील ड्राइव्ह आहे, जीपीएस आहे.

नाही चालणार. या प्रश्नावर मी दरवर्षी लिहिते, यंदाही सविस्तर लिहिते.

डिसेंबरात पोर्टलंडला साडेचारच्या आत सूर्य मावळतो, सिॲटलला त्याहून जरा आधी. दाट झाडीत त्याआधीच दिसेनासं होतं. दीडला निघालात तर तीन-साडेतीनला पोचाल. मग मुलांना बूट चढवायचे, मनासारखं झाड शोधायचं, तोडायचं, बर्फातून ओढत आणायचं, गाडीवर बांधायचं. परतीची वाट अंधारातच.

२००७ सालच्या डिसेंबरात उत्तर कॅलिफोर्नियात पॅरडाइज गावाच्या वरच्या जंगलात एक बाप आपल्या तीन मुलांना घेऊन ख्रिसमसचं झाड तोडायला गेला. ते वाट चुकले आणि बर्फाचं वादळ आलं. तीन रात्री त्यांनी बर्फात काढल्या, ओढ्यावरच्या मोरीच्या आडोशाने. चौथ्या दिवशी हायवे पेट्रोलच्या हेलिकॉप्टरला ते दिसले आणि चौघेही जिवंत परतले. ती माणसं बेफिकीर नव्हती. तुमच्या-आमच्यासारखीच झाड घेऊन परत यायचं म्हणून गेली होती.

आता गाडीचं. ऑल व्हील ड्राइव्ह गाडी पुढे काढायला मदत करते, थांबायला नाही. जंगलातल्या बहुतेक रस्त्यांवरचा बर्फ कोणी काढत नाही. जीपीएसला रस्ता दिसतो, त्यावरचा दोन फूट बर्फ दिसत नाही. ‘जवळचा रस्ता’ म्हणून ते तुम्हाला हिवाळ्यात बंद असलेल्या लाकूडवाटेवर घालू शकतं आणि तिथे फोनला रेंज नसते. फॉरेस्ट सर्व्हिसचा वाहनांच्या रस्त्यांचा नकाशा फुकट मिळतो, तो कागदावर घ्या. चाकांवरच्या बर्फाच्या साखळ्या नुसत्या गाडीत ठेवू नका, घरच्या अंगणात एकदा चढवून बघा. फावडं, घोंगड्या, टॉर्च, पाणी आणि एक दिवस जास्तीचं खाणं बरोबर हवं. ओरेगनमध्ये १ नोव्हेंबर ते ३० एप्रिल स्नो-पार्क, म्हणजे हिवाळ्यात गाड्या लावायला राखलेल्या जागी गाडी लावायला वेगळं परमिट लागतं, तेही घ्या.

कुठल्या रस्त्याने जाणार आणि किती वाजता परतणार हे घरी राहिलेल्या माणसाला लिहून द्या. त्या वेळेनंतर दोन तासांत फोन आला नाही तर ९११ ला कळव, असंही सांगून ठेवा. गाडी अडकली तर गाडीजवळच थांबा. हीटर लावण्याआधी सायलेन्सरच्या नळीभोवतीचा बर्फ उकरून काढा, नाहीतर विषारी वायू आत साठतो. खोल बर्फात मुलांना मोठ्या झाडाच्या बुंध्याशी खेळू देऊ नका. खालच्या फांद्यांखाली बर्फ पोकळ राहतो, मूल त्यात डोक्यापर्यंत रुतू शकतं.

माझा घरचा नियम असा की सकाळी आठला निघायचं आणि दुपारी एकपर्यंत झाड नाही मिळालं तर रिकाम्या हाताने परतायचं. एका वर्षी मुलगी रडली, तरी परतलो. क्लास एक दिवस बुडवा. आणि शुक्रवारीच रेंजर ऑफिसला फोन करून रस्ता विचारा, कारण अनेक ऑफिसं शनिवार-रविवारी बंद असतात.

पाण्यात साखर घालावी की ॲस्पिरिन? दुकानात झाड ताजं ठेवायचं औषधही मिळतं.

साधं पाणी. साखर नको, ॲस्पिरिन नको, बाटलीतलं औषध तर मुळीच नको. घरी आल्यावर बुंध्याची अर्धा ते एक इंच चकती कापून टाका आणि लगेच पाण्यात उभं करा, कारण वाटेत कापलेल्या जागी चीक सुकतो. स्टँडमध्ये बसत नाही म्हणून कडेची साल तासू नका. पाणी मुख्यतः बाहेरच्या थरातूनच चढतं. मोठा स्टँड आणा. खोडाच्या दर इंच जाडीला दिवसाला साधारण लिटरभर पाणी लागू शकतं, पहिल्या दिवशी त्याहूनही जास्त. हीटरपासून लांब ठेवा. सुया हात लावताच गळायला लागल्या की २५ तारखेची वाट न बघता झाड बाहेर काढा.

मुलाला दमा आहे. खरं झाड आणावं का?

त्याच्या डॉक्टरांना विचारा, झाड आणण्याआधी.

झाडावर गोचिडीसारखे काळे किडे निघाले. फवारा मारू?

मारू नका. ते बहुधा मावा असतात, माणसाला चावत नाहीत. चिरडले तर गालिच्यावर डाग पडतो, व्हॅक्यूमने ओढून घ्या. गोचीडच आहे अशी शंका असेल तर काउंटीच्या एक्स्टेन्शन ऑफिसला, म्हणजे शेती-बागेचा सल्ला देणाऱ्या स्थानिक कचेरीला, नमुना दाखवा.

आजीसाठी फरची डहाळी आणि चार शंकू पुण्याला नेले तर?

नेऊ नका. वनस्पती भारतात न्यायला कागदपत्रं लागतात. हवंच असेल तर आधी भारताच्या प्लँट क्वारंटाइन विभागाला विचारा. आजीला फोटो पाठवा.

सण झाल्यावर झाड फायरप्लेसमध्ये जाळलं तर चालतं ना?

नाही. राळेमुळे ते भडकन पेटतं आणि चिमणीत काजळी साठवतं. जरीच्या माळा, दिवे, अडकवायचे हुक सगळं उतरवा आणि गावातला हिरवा कचरा कोणत्या दिवशी नेतात ते नगरपालिकेला विचारून तिथे द्या. परत जंगलात नेऊन टाकू नका, त्यावरची कीड तिथे जाते.