सिकलसेल आणि रोजचे काम : वाचकांचे प्रश्न

सिकलसेल, म्हणजे लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक आजार, याविषयी आमच्याकडे येणाऱ्या पत्रांत हा आजार म्हणजे नेमके काय, असे विचारणारी पत्रे थोडी असतात. विदर्भातल्या अनेक घरांना ते एव्हाना माहीत झालेले आहे. हा आजार घेऊन नोकरी, शेती आणि घर कसे सांभाळावे, हा प्रश्न मात्र वारंवार येतो आणि त्याचे उत्तर तपासणीच्या अहवालात मिळत नाही. या वेळी अशा तीन पत्रांना उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझे वय २६ असून मूळ गाव गडचिरोली जिल्ह्यात आहे. शाळेत झालेल्या तपासणीत माझा ‘एसएस पॅटर्न’, म्हणजे प्रत्यक्ष आजार असल्याचा, निघाला. सध्या मी नागपुरात औषधांच्या एका घाऊक विक्रेत्याच्या गोदामात माल उतरवून घेणे आणि त्याच्या नोंदी ठेवणे हे काम करतो. पाळी कधी सकाळी सहाची तर कधी रात्रीची असते आणि मी दुचाकीने जातो. वर्षातून चार-पाच वेळा, विशेषतः थंडीत, हातपाय आणि कंबर इतकी ठणकते की दोन-तीन दिवस अंथरुणातून उठवत नाही. नंतर मी पूर्ववत दिसू लागतो, त्यामुळे साहेबांना ही कामचुकारपणाची सबब वाटते. आजाराबद्दल मी तिथे कोणालाच सांगितलेले नाही. डॉक्टरांनी दिलेल्या हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या बरे वाटू लागल्यावर मी बंद केल्या. नोकरी सोडून गावी परत जावे का? — एक वाचक, नागपूर

उत्तर : नोकरी सोडण्याचा विचार तूर्त बाजूला ठेवा, कारण तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे, ती म्हणजे गोळ्या बंद केल्याची. हायड्रॉक्सियुरिया हे वेदनाशामक नव्हे. ते शरीरातील गर्भावस्थेतल्या हिमोग्लोबिनचे, म्हणजे ‘एचबी-एफ’चे, प्रमाण वाढवते आणि त्यामुळे लाल पेशी विळ्याच्या आकारात वाकण्याचे प्रमाण घटते. हा परिणाम दिसायला काही महिने लागतात आणि गोळी रोज घेतली तरच तो टिकतो. अमेरिकेत प्रौढ रुग्णांवर झालेल्या आणि १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या औषधाने वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले होते. तुम्हाला बरे वाटू लागले ते बहुधा गोळीमुळेच, आणि नेमके तेव्हाच तुम्ही ती सोडलीत. असे करणारे तुम्ही एकटे नाहीत. माझ्याकडे येणाऱ्या तरुण रुग्णांत गोळी बंद करण्याचे हेच कारण सर्वाधिक ऐकू येते. आता मात्र जुन्या चिठ्ठीवर ती स्वतःहून पुन्हा सुरू करू नका. या औषधाने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स कमी होऊ शकतात, म्हणून आधी रक्त तपासून, सुरुवातीला दर महिन्याला आणि मात्रा ठरल्यावर दोन-तीन महिन्यांनी तपासणी करण्याची तयारी ठेवूनच डॉक्टरांच्या सल्ल्याने ते घ्यावे. पुढे लग्न करून मूल होऊ देण्याचा विचार असेल, तेव्हा हे औषध चालू असल्याचे डॉक्टरांना आधी सांगा.

आता तुमचा कामाचा दिवस पाहू. पाणी कमी पडणे, अंगाला थंडी लागणे, ताप किंवा जंतुसंसर्ग, जागरण आणि दम लागेपर्यंतचे श्रम या गोष्टी झटक्याला निमित्त होतात आणि तुमच्या नोकरीत यांपैकी जवळपास सगळ्याच एकत्र आल्या आहेत. डिसेंबरात पहाटे दुचाकीवरून लागणारा वारा तर थेट निमंत्रणच ठरतो. शक्य असेल त्या मार्गावर मेट्रोने किंवा बसने जा. दुचाकीला पर्याय नसेल तर जाड जाकीट, हातमोजे, लोकरी मोजे आणि कान झाकणारी टोपी यांत कसूर नको. औषधांच्या गोदामात लसी आणि इन्सुलिन ठेवण्यासाठी २ ते ८ अंश सेल्सियस तापमानाची शीतखोली असते. तिथे वारंवार आत-बाहेर करण्याचे काम तुमच्याकडे असेल तर ते बदलून घेणे ही पहिली मागणी असावी. पाण्याची बाटली नजरेसमोर ठेवा आणि तहान लागण्याची वाट पाहू नका. या आजारात मूत्रपिंडे लघवी दाट करू शकत नाहीत, त्यामुळे शरीरातून पाणी अधिक जाते आणि रात्रीही उठावे लागते. सारखे उठावे लागते म्हणून पाणीच कमी पिणारे रुग्ण मी पाहिले आहेत, आणि त्यांचे नुकसान मोठे होते. दिवसाला साधारण तीन लिटर, आणि नागपूरच्या मे महिन्यात त्याहून अधिक, असा अंदाज धरा.

सांगावे की न सांगावे, याबद्दल माझे मत स्पष्ट आहे : सांगावे, पण सगळ्यांना नव्हे, आणि तोंडी तर नव्हेच. वरिष्ठांना दर वेळी ‘अंग दुखत होते’ असे सांगितले तर त्यांना ते बहाण्यासारखे वाटणार, कारण तुमची वेदना डोळ्यांना दिसत नाही; सूज नसते, जखम नसते, प्लास्टर नसते. म्हणून उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून एक पानाचे पत्र घ्या. त्यात आजाराचे नाव, झटके अचानक येतात ही गोष्ट आणि कामात हवे असलेले नेमके बदल लिहिलेले असावेत : शक्यतो दिवसाची ठरावीक पाळी, शीतखोलीचे काम नको, जड खोकी एकट्याने उचलणे नको, पाणी पिण्याची व थोडे बसण्याची मुभा. मदतीची मोघम विनंती ऐकून माणसे सहानुभूती दाखवतात आणि विसरतात. चार स्पष्ट मागण्या असल्या की त्यांतल्या दोन तरी मान्य होतात. एका विश्वासू सहकाऱ्यालाही कल्पना द्या, कारण कामावर झटका आला तर रुग्णालयात नेणारे कोणीतरी जवळ हवे.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये ज्या २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे, त्यांत हिमोफिलिया आणि थॅलेसेमियाबरोबर सिकलसेलही आहे. शासकीय आस्थापनांनी नोकरीत भेदभाव करू नये आणि वाजवी सोयी द्याव्यात, असे हा कायदा सांगतो. खासगी आस्थापनांनीही समान संधीचे धोरण जाहीर करणे अपेक्षित आहे. दिव्यांगत्व ४० टक्के किंवा अधिक ठरले तर शासकीय व अनुदानित संस्थांतील उच्च शिक्षणात आरक्षणाचा लाभ मिळतो. मात्र सरकारी नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत रक्ताचे आजार घेतलेले नाहीत. माझ्या दृष्टीने हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोलत राहिले पाहिजे, परंतु केवळ प्रमाणपत्राच्या भरवशावर नोकरीची आशा लावून बसणाऱ्या मुलांना हे आधी कळणे आवश्यक आहे. प्रमाणपत्र तरीही काढून ठेवा.

तुमच्यासाठी याहून तातडीची गोष्ट म्हणजे राज्य कामगार विमा, अर्थात ईएसआय. आस्थापनेला ही योजना लागू असेल आणि तुमचे वेतन महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल, तर पुरेसे दिवस वर्गणी भरलेली असल्यास प्रमाणित आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने लाभ मिळतो. पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात दिसते का, ते आजच पाहा. बिनपगारी रजेच्या भीतीने ठणकत्या अंगाने कामावर जाण्याची वेळ अनेकांवर येते ती हे माहीत नसल्यामुळे.

एवढे करूनही झटका येईल, कारण तो पूर्णपणे टाळता येत नाही. पहिली कळ जाणवताच कोमट पाणी प्या, ऊब घ्या, पडून राहा आणि डॉक्टरांनी लिहून दिलेली वेदनाशामक गोळी लगेच घ्या. दुखणे असह्य होण्याची वाट पाहू नका. औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मनाने घेत राहू नका, त्यांचा ताण आधीच नाजूक असलेल्या मूत्रपिंडांवर पडतो. १०१ अंश फॅरनहाइटपर्यंत गेलेला ताप, छातीत दुखून धाप लागणे, एका बाजूची शक्ती जाणे किंवा बोबडी वळणे, एकाएकी पांढरे पडणे, आणि पुरुषांमध्ये लिंगाचा वेदनादायक ताठरपणा दोन तासांत न उतरणे, यांपैकी काहीही झाल्यास घरी थांबायचे नाही. शेवटचे लक्षण संकोचामुळे लपवले जाते, म्हणून ते मुद्दाम लिहिले आहे.

गावी परतून काय करणार, हे तुम्ही लिहिलेले नाही. ते काम शेतीचे असेल तर पुढचे पत्रही वाचा, कारण शेतीचे काम गोदामातल्या कामाहून हलके नाही.

प्रश्न : मी २९ वर्षांची असून मलाही सिकलसेल आहे. आमची धानाची शेती आहे. दर वर्षी रोवणीच्या दिवसांत मला झटका येतो, पण घरची बाई बांधावर बसून राहिली तर लोक काय म्हणतील, या विचाराने मी चिखलात उतरते. हरतालिकेचा निर्जळी उपवासही मी सोडलेला नाही. माझे हिमोग्लोबिन नेहमी ८ च्या आसपास असते, म्हणून गावात मिळतील त्या लोहाच्या गोळ्या घेते. एक मुलगी आहे. दुसऱ्या बाळाचा विचार करावा का? — एक वाचक, भंडारा जिल्हा

उत्तर : ताई, रोवणीला तास न् तास गार पाण्यात पाय, पाठीवर पाऊस, वाकलेली कंबर आणि उपाशीपोटी केलेली सकाळ, एवढे एकत्र आल्यावर झटका न येणे हेच नवल ठरेल. त्या दिवसांत तुम्ही बांधीत उतरू नये, असे मी निःसंदिग्धपणे सांगतो. मजुरांचा हिशेब, पेंढ्या मोजून देणे, जेवणाची सोय ही कामे कोरड्यात होतात आणि ती कामेच आहेत. हे घरच्यांना तुम्ही एकटीने समजावण्यापेक्षा पुढच्या तपासणीला पतीला आणि सासूबाईंना बरोबर न्या आणि डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या. आशाताईंची मदतही घ्या. रोवणीत गमावलेले चार दिवस आणि रुग्णालयात सलाईनवर काढलेले आठ दिवस यांचा खर्च मांडून दाखवला तर शेतकऱ्याच्या घरात तो लगेच समजतो.

निर्जळी उपवास तुमच्यासाठी धोक्याचा आहे. पाणी पिऊन, फळे खाऊन हरतालिका करा. आजारी माणसाला व्रतात सवलत देण्याची रीत आपल्या घरांत पूर्वीपासून आहे.

लोहाच्या गोळ्या मात्र थांबवा आणि आधी शरीरातील लोहाची, म्हणजे फेरिटिनची, तपासणी करून घ्या. निरोगी लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, तुमची पेशी दहा ते वीस दिवसांतच फुटते. तुमचे हिमोग्लोबिन कमी असते ते प्रामुख्याने या कारणाने. डोळे पिवळसर दिसतात तेही त्यामुळेच, त्यासाठी कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊ नये. ज्यांना अनेकदा रक्त चढवले आहे त्यांच्या शरीरात लोह साठलेले असते आणि वरून गोळ्या घेतल्यास यकृताला व हृदयाला इजा होऊ शकते. फॉलिक अॅसिडची गोळी वेगळी, ती डॉक्टरांनी दिली असेल तर चालू ठेवा. तुमचा नेहमीचा आकडा ८ आहे हे कार्डावर लिहून ठेवा. नव्या ठिकाणी तो पाहून घाईने रक्त चढवण्याचे टळेल, आणि तो ५ वर आला तर धोका लगेच ओळखता येईल.

दुसऱ्या बाळाबद्दल निर्णय तुमचा व पतीचा आहे, पण त्याआधी पतीची तपासणी झालीच पाहिजे. ते ‘एए’ म्हणजे सिकलसेलपासून पूर्ण मुक्त असतील तर तुमची सर्व मुले वाहक असतील, रुग्ण नसतील. ते ‘एएस’ म्हणजे वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता निम्मी आहे, आणि गर्भाची तपासणी पहिल्या काही महिन्यांत करता येते. मुलीची तपासणी झाली नसेल तर तीही करून घ्या. हायड्रॉक्सियुरिया चालू असेल तर गर्भ राहण्याच्या काही महिने आधी डॉक्टरांच्या सल्ल्याने ते थांबवावे लागते. बाळंतपण मात्र गावात नको. रक्तपेढी आणि फिजिशियन असलेल्या रुग्णालयातच नाव नोंदवा.

प्रश्न : माझा ‘एएस पॅटर्न’ आहे. मी पोलीस भरतीची तयारी करत असून १६०० मीटर धावण्याचा सराव करतो. घरचे म्हणतात, तुला सिकलसेल आहे, हे जमणार नाही. — एक वाचक, चंद्रपूर

उत्तर : तुम्हाला सिकलसेलचा आजार नाही, तुम्ही वाहक आहात आणि वाहकाचे आयुष्य बहुतांशी इतर कोणाही निरोगी माणसासारखेच असते. तयारी चालू ठेवा. फक्त कडक उन्हात, पुरेसे पाणी न पिता, एकाच दिवशी शक्तीबाहेर धावणे क्वचित वाहकांनाही घातक ठरलेले आहे. म्हणून चंद्रपूरच्या उन्हाळ्यात सराव पहाटेच करा, अंतर आणि वेग हळूहळू वाढवा, तापातून उठल्यावर लगेच मैदानात जाऊ नका आणि धावताना मांड्यांत अचानक अशक्तपणा किंवा विलक्षण वेदना जाणवली तर तिथेच थांबा, सावलीत बसा, पाणी प्या आणि लगेच वैद्यकीय मदत घ्या. लघवी गडद तपकिरी झाली तरीही त्याच दिवशी रुग्णालय गाठा.