शंभर दिवसांची मजुरी

प्रिय लेकरा,

जय ख्रिस्त.

रविवारी उपासनेनंतर तलावपाळीवर बसून तू जे सांगितलंस, ते तीन दिवस डोक्यातून जात नाही. घणसोलीच्या खोलीचं डिपॉझिट रूममेटने परस्पर उचललं, त्यात तुझे साठ हजार गेले, आणि वर बोलणंही त्यानेच टाकलं. घरचे म्हणतात, आपण ख्रिस्ती माणसं, सोडून दे. ते जमत नाही म्हणून आपला विश्वासच कच्चा आहे, असं तुला वाटायला लागलंय. म्हणून लिहायला बसले.

बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय निवांत वाच. भावाला सात वेळा क्षमा करू का, असं येशूचा शिष्य पेत्र विचारतो आणि येशू सांगतो, साताच्या सत्तर पट. मग लगेच त्या निर्दय चाकराची गोष्ट. धन्याने त्याचं दहा हजार तालांतांचं कर्ज सोडलं आणि बाहेर पडताच यानं शंभर दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरला. शंभर दिनार म्हणजे किरकोळ रक्कम, असं आपण उपदेशात ऐकतो. किरकोळ कुठली! दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. तीन महिन्यांहून जास्त घर चालतं त्यात. दहा हजार तालांत म्हणजे साधारण सहा कोटी दिवसांची मजुरी. त्यापुढे ते लहान, एवढंच. तुझं नुकसान खरं आहे, लेकरा. देणं नव्हतंच म्हटलं तर सोडायचं काय? प्रभूच्या प्रार्थनेतही आपण मराठीत 'ऋण' सोडण्याचंच बोलतो.

माझं सांगते. कळव्याची आमची खोली घरातल्याच एका माणसाने आम्हाला न विचारता विकली. पाळकांसमोर मी त्याला क्षमा केली, रडलेसुद्धा. आणि पुढची अकरा वर्षं गाडी कळव्याला आली की त्या खोलीची आजच्या भावाने किंमत काढत राहिले. एकदा मुलीने विचारलं, "आई, कळवा आलं की तू गप्प का होतेस?" तेव्हापासून आकडा मनात आला की त्या माणसाचं नाव घेऊन प्रार्थना करायचे. जाताना एकदा, येताना एकदा. कित्येक दिवस नुसते शब्दच होते ते. पण 490 वेळा म्हणजे काय, ते मला त्या डब्यात कळलं. अपराध एकच होता, सोडायला मात्र रोज लागत होता.

क्षमा केली म्हणजे त्याच्या हातात पुन्हा पैसे द्यावेत, असं नाही. 1999 मध्ये ओडिशात ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जिवंत जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना जाहीरपणे क्षमा केली. खटला चालायचा तो चाललाच, शिक्षाही झाली. मनातला सूड त्यांनी सोडला, न्याय न्यायालयाकडे राहिला.

त्याच अध्यायात, पेत्राच्या प्रश्नाच्या आधी, येशूने रीतही सांगितली आहे: आधी एकट्याने जाऊन त्याचा अपराध त्याला सांग. ग्रुपवर काही लिहू नकोस. समोर बस, आकडा सांग, कधी देणार ते विचार. हप्त्याने देतो म्हणाला तर लिहून घे. त्यात अख्रिस्ती काही नाही. नाहीच म्हणाला तर पुढचं आपण दोघं बसून ठरवू.

जाशील त्या सकाळी मला फोन कर. तू निघालास की मी प्रार्थनेला बसेन.

तुझी,
मावशी