'वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे काय? चंद्र खरंच निळा होतो का?

अर्थ सोपा आहे: अगदी क्वचित, कधी नव्हे ते. एखादा मित्र महिनोन्‌महिने फिरकत नसेल तर आपण म्हणतो ना, 'तू काय, उंबराचं फूल झालायस!' भाव तोच. यातल्या 'वन्स'चा अर्थ 'एकदाच' असा घेऊ नका, घोळ तिथेच होतो. 'ही कॉल्स मी वन्स इन अ ब्लू मून' म्हणजे तो फोन करतो, पण फार क्वचित.

आता चंद्राचं. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या, की दुसरीला ब्लू मून म्हणतात. दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस असतात, त्यामुळे हा योग सरासरी पावणेतीन वर्षांनी जुळतो. रंग नेहमीचाच! गंमत म्हणजे ही व्याख्या रूढ झाली ती 'स्काय अँड टेलिस्कोप' मासिकातल्या १९४६ सालच्या एका लेखातल्या चुकीमुळे. वाक्प्रचार त्याहून बराच जुना आहे.

आणि हो, खराखुरा निळसर चंद्रही लोकांनी पाहिलाय. १८८३ साली क्राकाटोआ ज्वालामुखीच्या उद्रेकानंतर हवेत पसरलेल्या बारीक कणांमुळे तो तसा दिसत होता.