छोटी खुकुरी खरंच कामाची आहे का, हे घरी कसं तपासायचं?

तुम्ही विचारलंय की काठमांडूच्या थामेलमधून आणलेली सहा इंची पात्याची खुकुरी मजबूत आहे की नुसती शोभेची, आणि व्हिडिओत दाखवतात तसं लोखंडी पाइपवर मारून बघावं का.

पाइपवर मारू नका. चांगल्या पात्याचीही धार त्यात खराब होते आणि रोजच्या कामाला ते किती टिकेल हे काही कळत नाही. मी अशीच एक छोटी खुकुरी ट्रेकमध्ये आणि बागेत वापरतो, त्यावरून सांगतो.

आधी पातं बनतं कसं ते बघा. पूर्व नेपाळात भोजपूर, धरान इथली खुकुरी नावाजलेली. कामी समाजाचे लोहार ती बहुतेक वेळा ट्रकच्या स्प्रिंगच्या जुन्या पोलादी पाट्यांतून घडवतात. तापवलेलं पातं ते अख्खं पाण्यात बुडवत नाहीत. किटलीच्या तोटीतून फक्त धारेच्या बाजूवर पाणी सोडतात. त्यामुळे धार कडक होते आणि पाठ चिवट राहते. पोटाजवळ, म्हणजे जिथे घाव बसतो तिथे, ती सगळ्यात कडक असते. टोक आणि मुठीजवळचा भाग त्यामानाने नरम. हे मुद्दाम केलेलं असतं, त्याला दोष समजू नका.

म्हणून पहिली चाचणी कानशीची. जुनी, बारीक दातांची कानस आधी पाठीवर हलकेच ओढा, मग पोटाजवळ धारेच्या अगदी कडेला. पाठीवर कानस धरते, थोडा कीस निघतो. धारेवर ती काचेवरून जावी तशी सुळकन निसटली, तर पाणी नीट दिलेलं आहे. सगळीकडे सारखाच कीस निघाला तर खुशाल भिंतीवर लावा.

दुसरी चाचणी पितळी सळईची, आणि मला सगळ्यात जास्त भरवसा हिचाच वाटतो. सळई टेबलावर पक्की बसवा. धार लावताना पातं जितकं तिरकं धरतो तितकंच धरून, दाब देत सळईवरून न्या. खिडकीकडे तोंड करून बसलात तर दाबाखाली धारेची कड किंचित वाकताना दिसते. दाब काढल्यावर सरळ झाली तर उत्तम. वाकडीच राहिली तर पोलाद मऊ, कपची उडाली तर ठिसूळ. या दोन्हींत मऊ परवडलं. म्यानात खुकुरीसोबत दोन छोटी पाती असतात, त्यातल्या ‘चकमक’ नावाच्या बोथट पात्यावर घासून वाकलेली कड परत सरळ करता येते. ठिसूळ धारेला हा इलाज चालत नाही.

पण छोट्या खुकुरीत बहुतेकदा आधी दगा देते ती मूठ. पुष्कळ खुकुऱ्यांत पात्याचं बारीक शेपूट मुठीत घालून ‘लाहा’ नावाच्या राळेसारख्या चिकट मसाल्याने बसवलेलं असतं. पातं जाड कापडात गुंडाळून धरा आणि मूठ पिळून, मागेपुढे हलवून बघा. कट्कन आवाज आला किंवा सांध्याशी फट उघडली, तर लाकडावर घाव घालूच नका. सुटलेलं पातं कुठेही जाऊ शकतं. लाहा उष्णतेने मऊ पडतो, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीत खुकुरी ठेवू नये. हललेली मूठ एपॉक्सीने पुन्हा बसवता येते.

हे सगळं ठीक निघालं तरच लाकूड. आधी मनगटाएवढी हिरवी फांदी, मग वाळलेली, शेवटी वाळलेला बांबू, कारण त्याच्या पेरावर धारेची खरी परीक्षा होते. ओंडका पुढ्यात ठेवून गुडघ्यांवर बसा, म्हणजे चुकलेला घाव पायावर न येता जमिनीत जातो. थोडे घाव झाले की धार दिव्याखाली धरा. जिथे चमकता ठिपका दिसेल तिथे धार मुडली आहे. नंतर कागद कापून बघा. मोठ्या खुकुरीसारखी एका घावात फांदी उडावी ही अपेक्षा मात्र ठेवू नका, हिला तेवढं वजनच नसतं.

म्यानातून काढताना म्यान पाठीच्या बाजूने धरा. बोटं धारेच्या बाजूला वळली आणि म्यान तिथे उकललेलं असलं तर बोट कापतं.

आपल्याकडच्या पावसाळ्यात चामड्याच्या म्यानात ओल धरून पातं गंजतं. पुसून, शिलाई मशीनच्या तेलाचा हात फिरवून म्यानाबाहेरच ठेवा. आणि टोक फटीत घालून उचकटायची चाचणी कुणी सुचवली तर करू नका. खुकुरी त्या कामासाठी घडवलेलीच नसते.